पतसंस्थेचा डेटाबेस क्लाउडच्या तीन झोनांत नेताना

नागपुरातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी आणि माझा एक सहकारी असे दोघे मिळून सांभाळतो. नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात आम्ही संस्थेचा डेटाबेस मुख्य कार्यालयातल्या एकुलत्या सर्व्हरवरून क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशिनांवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या आभासी संगणकांवर, हलवला, आणि त्यांतले एखादे अचानक बंद पडले तरी दुसऱ्याने कोणाची वाट न पाहता काम हाती घ्यावे अशी व्यवस्था उभी केली. सुरुवात करण्यापूर्वी जे वाचायला मिळाले ते बहुतेक मोठ्या कंपन्यांमधल्या अभियंत्यांनी लिहिलेले होते. संचालक मंडळाचा ठराव, तीन दरपत्रके आणि ३१ मार्च यांच्यामध्ये बसून हेच काम करणाऱ्यांसाठी त्यात फारसे काही नव्हते. म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

कामाला निमित्त दोन झाली. मे २०२४च्या नवतप्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी दुपारी बंद पडला आणि तापमान वाढल्यावर सर्व्हरने स्वतःला बंद करून घेतले. नवतप्यातली नागपूरची दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती खोली पुन्हा थंड व्हायला किती वेळ लागला असेल हे सांगायला नको. इतवारी आणि गांधीबागेतल्या दुकानांमधून दैनिक ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट संध्याकाळी भरण्यासाठी आले, तेव्हा नोंदी हाताने कराव्या लागल्या आणि रोजकीर्द जुळेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार उलटली. दुसरे निमित्त लेखापरीक्षकांच्या शेऱ्याचे. सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या होत्या आणि आमच्याकडे असलेल्या पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १२व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपत होती. सर्व्हर बदलायचाच होता. मग पुन्हा एकच सर्व्हर का घ्यावा, असा प्रश्न व्यवस्थापक मॅडमनीच काढला.

नोव्हेंबरच्या मासिक सभेत विषय ठेवला तेव्हा मी तंत्रज्ञानाबद्दल शक्य तितके कमी बोललो आणि संचालकांना दोन प्रश्न विचारले. व्यवहार जास्तीत जास्त किती वेळ थांबले तर चालतील, हा पहिला; आणि सर्व्हर ज्या क्षणी पडेल त्या क्षणाच्या अगदी आधी झालेल्या नोंदींपैकी किती गेल्या तर चालतील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'दहा-पंधरा मिनिटे' असे चटकन आले. दुसऱ्याला सगळ्यांनी 'एकही नाही' म्हटले, तेव्हा त्याची किंमत समजावून सांगावी लागली. एकही नोंद गमवायची नसेल, तर प्रत्येक भरणा दोन ठिकाणी लिहिला गेल्याशिवाय पडद्यावर 'जमा' दाखवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराला किंचित जास्त वेळ लागतो. आणि दुसरे ठिकाणच उपलब्ध नसेल तेव्हा भरणा थांबवायचा की एकाच ठिकाणी लिहून पुढे जायचे, हेही आधी ठरवून ठेवावे लागते. यावर व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या, "पावती सभासदाच्या हातात आहे आणि नोंद आपल्याकडे नाही, असे एकदाही होता कामा नये. पण दुसरे मशीन बंद आहे म्हणून संध्याकाळी सहा वाजता काउंटर बंद ठेवला, हेही मी एजंटांना सांगू शकणार नाही." पुढे जानेवारीत सेटिंग्जची फाइल लिहिताना अडलेल्या बहुतेक ठिकाणी मला हीच दोन वाक्ये उपयोगी पडली. ती सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. असे काम करणाऱ्या प्रत्येकाने ही उत्तरे आधी कागदावर घ्यावीत, कारण नंतर ती उत्तरे तंत्रज्ञ माणसाने आपल्याच मनाने गृहीत धरली असे ठरते.

मग पर्याय तपासले. ॲमेझॉनसारख्या कंपन्या तयार डेटाबेस सेवा देतात. तिथे एका झोनमध्ये, म्हणजे कंपनीच्या एका स्वतंत्र केंद्रात, मुख्य प्रत आणि दुसऱ्या झोनमध्ये राखीव प्रत ठेवली जाते, आणि बिघाड झाल्यास साधारण एक ते दोन मिनिटांत राखीव प्रत पुढे येते. मला मनापासून विचाराल तर छोट्या संस्थेने हाच रस्ता धरावा. आमची अडचण अशी होती की आमच्या बँकिंग सॉफ्टवेअरमधले व्याज आकारणीचे काही भाग डेटाबेसच्या आत पायथन या संगणकभाषेत लिहिलेले आहेत आणि ते काही फाइली थेट सर्व्हरच्या डिस्कवर लिहितात. तयार सेवेत या दोन्ही गोष्टींना परवानगी नसते. ते भाग नव्याने लिहून देण्यासाठी पुरवठादाराने जी मुदत सांगितली ती मार्चच्या पलीकडची होती. त्यामुळे साधी व्हर्च्युअल मशिने घेऊन त्यांवर पोस्टग्रेस आपणच चालवायचे ठरले.

दरपत्रकांचा भाग वाटला त्याहून किचकट निघाला. उपविधीप्रमाणे तीन दरपत्रके आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता लागतो, आणि क्लाउडचा दर तासावर, गिगाबाइटवर आणि वाहतुकीवर लागतो, म्हणजे बिल दर महिन्याला वेगळे येते. आम्ही एक ठरावीक रचना लिहून काढली: दोन मोठी मशिने, एक छोटे, ठरलेल्या आकाराच्या डिस्क, बॅकअपची जागा. मग तिन्ही कंपन्यांच्या अधिकृत किंमत गणकांवर तीच रचना भरून छापील प्रती जोडल्या. डेटाबेसपुरता अंदाज दरमहा ४० हजार रुपयांच्या आसपास आला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एक संचालक विचारत होते की वर्षभराची बांधिलकी आत्ताच घेतली तर दर कमी होतो, मग तासाचा दर का द्यायचा? आम्ही पहिले तीन महिने तासाच्या दराने चालवण्याची परवानगी मागितली, आणि ते योग्य ठरले, कारण प्रत्यक्ष वापर पाहिल्यावर मशिनांचा आकार निम्मा करता आला. बांधिलकी आधी घेतली असती तर मोठ्या मशिनांचे पैसे वर्षभर भरावे लागले असते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात असते आणि आमचे काही संचालक त्या काळात कोणाच्याच हाती लागत नाहीत, त्यामुळे ठरावावर सह्या व्हायला नाताळ उजाडला.

खाते उघडताना काही गोष्टी सुरुवातीलाच नीट कराव्यात. खात्याचा मूळ ईमेल कोणा कर्मचाऱ्याचा नसावा, संस्थेच्या नावाचा असावा. मूळ खात्याच्या दुहेरी पडताळणीचे साधन आणि त्याचे राखीव कोड आम्ही पाकिटात बंद करून, अध्यक्ष आणि व्यवस्थापक यांच्या सह्यांनिशी मुख्य शाखेच्या तिजोरीत ठेवले. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांची वेगळी नावे केली. संस्थेचा जीएसटी क्रमांक पहिले बिल निघण्यापूर्वी नोंदवावा, म्हणजे हिशेबनीस नंतर बिल दुरुस्तीसाठी मागे लागत नाहीत. कार्डाने पैसे भरणार असाल तर हेही लक्षात ठेवा की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १५,००० रुपयांपेक्षा मोठी आवर्ती रक्कम कार्डावरून आपोआप वळती होत नाही, दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. ज्याच्या मोबाइलवर तो येतो ती व्यक्ती बिलाच्या तारखेला रजेवर नसावी. नव्या खात्यावर एका वेळी किती प्रोसेसर घेता येतील याला मर्यादा असते आणि ती वाढवून घेण्यासाठी कारण लिहून अर्ज करावा लागतो. आमचा अर्ज संक्रांतीच्या आठवड्यात गेला आणि मंजुरी त्याच्या पुढच्या आठवड्यात आली. तेवढ्यात चाचणीचे काम छोट्या मशिनांवर सुरू ठेवता येते.

ॲमेझॉनच्या क्लाउडवरची रचना अशी ठरली. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून सुरू आहे आणि त्यात तीन झोन आहेत. प्रत्येक झोनची वीज, थंडावा आणि इमारती स्वतंत्र असतात आणि झोनांमधले अंतर इतकेच असते की संदेश काही मिलिसेकंदांत पोहोचावा. पहिल्या दोन झोनांत पोस्टग्रेसची १६वी आवृत्ती असलेली मोठी मशिने आणि तिसऱ्या झोनमध्ये एक छोटे मशीन, ज्यात डेटा अजिबात नाही. संचालकांना हे तिसरे मशीन पटेना. मी त्यांना सभेच्या गणपूर्तीचे उदाहरण दिले: दोघांचीच समिती असेल आणि त्यांच्यातला फोन तुटला, तर प्रत्येकाला वाटते की समोरचा गेला आणि आता कारभार आपणच पाहायचा. डेटाबेसमध्ये असे झाले तर दोन्ही मशिने भरणा स्वीकारू लागतात आणि दोन वह्या तयार होतात, ज्या नंतर कोणालाही जुळवता येत नाहीत. तिसरा सदस्य फक्त मतापुरता असला तरी तिघांपैकी दोघांचे ज्याच्याशी जुळेल तोच मुख्य राहतो आणि एकटा पडलेला आपणहून मागे हटतो.

या मतदानासाठी एटसीडी हे छोटे सॉफ्टवेअर तिन्ही मशिनांवर चालते, आणि मुख्य कोण, राखीव कोण, बदल केव्हा करायचा हे पाहण्याचे काम पॅट्रोनी करते. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, परवान्याचा खर्च नाही. एटसीडी डिस्कच्या बाबतीत नाजूक आहे. प्रत्येक मत डिस्कवर पक्के लिहिल्याशिवाय ते पुढे जात नाही, त्यामुळे डिस्क मंद झाली की विनाकारण नवी निवडणूक सुरू होते. पोस्टग्रेसच्या जड कामाचा त्रास होऊ नये म्हणून त्याला वेगळी लहान डिस्क द्यावी. तिचा खर्च नगण्य असतो.

मॅडमची दोन वाक्ये इथे कामी आली. पॅट्रोनीत समकालिक पद्धत चालू केली की भरणा दोन्ही मोठ्या मशिनांवर लिहिला गेल्यावरच पक्का होतो, आणि बिघाडाच्या वेळी पूर्ण प्रत ज्याच्याकडे आहे त्यालाच पुढे आणले जाते. ही झाली पहिली अट. याच पद्धतीचा एक कडक प्रकार आहे, ज्यात राखीव मशीन नसेल तर लिहिणेच थांबते. तो आम्ही बंद ठेवला, म्हणजे राखीव मशीन गेल्यास थोडा वेळ भरणा थबकतो आणि मग मुख्य मशीन एकट्याने पुढे चालते. ही दुसरी अट. मात्र याचा अर्थ असाही होतो की एकट्याने चालत असताना मुख्य मशीनही गेले, तर मागे पडलेल्या राखीव प्रतीला पॅट्रोनी आपणहून पुढे आणत नाही, तो निर्णय माणसाने घ्यायचा असतो. हे मी अध्यक्षांना लेखी कळवले. बाकी मुदतींमध्ये आम्ही मूळ आकडे फारसे हलवले नाहीत: मुख्यपदाची मुदत (मुख्य मशिनाने तेवढ्यात आपले पद नव्याने नोंदवले नाही तर ते जाते) ३० सेकंद, पॅट्रोनीच्या तपासणीची फेरी १० सेकंदांची, पुन्हा प्रयत्नाची मर्यादा १० सेकंद. फेरीत पुन्हा प्रयत्नाची मर्यादा दुपटीने मिळवली तर बेरीज मुख्यपदाच्या मुदतीपेक्षा जास्त होऊ नये, एवढे सांभाळावे. त्यामुळे मुदत नुसतीच कमी करून बदल वेगवान करण्याचा मोह टाळलेला बरा. डेटाबेस उभारतानाच पानांची चेकसम तपासणी (डिस्कवरचा डेटा बिघडला नाही ना हे पडताळणारी बेरीज) चालू केली, कारण पडलेले जुने मुख्य मशीन परत आल्यावर त्याची प्रत नव्या मुख्याशी जुळवून घेणाऱ्या साधनाला ती किंवा तिच्यासारखी दुसरी एक सोय लागते.

कार्यालयातल्या नेटवर्कवर ज्यांनी असे काम केले आहे त्यांना दोन सर्व्हरांमध्ये फिरणारा एकच आयपी पत्ता ठाऊक असतो: मुख्य बदलला की नवा सर्व्हर नेटवर्कवर 'आता हा पत्ता माझा' अशी घोषणा करतो आणि सगळे त्याचे ऐकतात. क्लाउडमध्ये अशी घोषणा कोणी ऐकत नाही, तिथे पत्त्यांची नोंद कंपनीच्या नियंत्रण व्यवस्थेत असते. शिवाय प्रत्येक झोनचे उपनेटवर्क वेगळे असल्यामुळे एका झोनमधला पत्ता दुसऱ्यात नेताच येत नाही. आमचे सॉफ्टवेअर जावा या भाषेत आहे, आणि त्याच्या पोस्टग्रेस ड्रायव्हरला, म्हणजे डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या भागाला, दोन्ही मशिनांचे पत्ते देऊन 'यांतले जे मुख्य असेल त्यालाच जोड' असे सांगता येते, त्यामुळे मुख्य अडचण एका ओळीत सुटली. अहवाल काढणाऱ्या जुन्या साधनाला हे समजत नाही. त्याच्यासाठी एचएप्रॉक्सी हा मध्यस्थ ठेवला, जो दोन्ही मशिनांच्या ८००८ पोर्टवर पॅट्रोनीला 'मुख्य तूच का' असे विचारत राहतो आणि ज्याच्याकडून होकार येईल त्याच्याकडे जोडणी वळवतो.

सुरुवातीला एक सूचना अशी होती की डेटाबेस मुंबईला गेला तरी ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे बँकिंग सॉफ्टवेअर चालवणारे मशीन, नागपुरातच राहू द्यावा, म्हणजे खर्च वाचेल. आम्ही मोजून पाहिले. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या कार्यालयातून मुंबईला जाऊन यायला एका संदेशाला वीस-पंचवीस मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे काहीच नाही, पण कर्जखात्याचा एक पडदा उघडताना सॉफ्टवेअर डेटाबेसला दोनशेच्या आसपास प्रश्न एकामागून एक विचारते, म्हणजे पडदा उघडायला चार-पाच सेकंद. ॲप्लिकेशन सर्व्हरही मुंबईलाच नेले आणि शाखांमधून फक्त ब्राउझरची वाहतूक येऊ दिली. मुंबईत तीन झोन असून उपयोग नाही, जर सिमेंट रस्त्याच्या खोदकामात शाखेचीच तार तुटली तर. म्हणून प्रत्येक शाखेत दुसऱ्या कंपनीची मोबाइल जोडणी राखीव ठेवली आणि तिचा खर्च त्याच ठरावात घातला.

जानेवारीच्या उत्तरार्धात चाचण्या सुरू केल्या, आणि या संपूर्ण कामातला सर्वाधिक वेळ मी पुन्हा याच भागाला देईन. ठरवून केलेली अदलाबदल सुरळीत झाली, काही सेकंदांत. मग चालू पोस्टग्रेसची प्रक्रिया जबरदस्तीने मारली. राखीव मशीन पुढे आलेच नाही, कारण पॅट्रोनी आधी त्याच जागी पोस्टग्रेस पुन्हा सुरू करून पाहते आणि ते सुरू झाले. हे वागणे बरोबर आहे, पण ते माहीत नसेल तर व्यवस्था बिघडली असे वाटते. झोनमधला संपर्क तुटल्याचे सोंग करण्यासाठी मशिनाच्या सुरक्षा गटातला (कोणत्या जोडण्या येऊ द्यायच्या हे ठरवणाऱ्या नियमावलीतला) नियम काढून टाकला, तर आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या तशाच चालू राहिल्या. सुरक्षा गट चालू जोडण्या लक्षात ठेवतो, त्यामुळे ही चाचणी खोटी ठरते. उपनेटवर्कच्या पातळीवरची प्रवेशयादी अशी आठवण ठेवत नाही. तिच्यात नकार घातला तेव्हा कुठे संपर्क खरोखर तुटला, एकटे पडलेले मुख्य मशीन मागे हटले आणि दुसरे पुढे आले.

सर्वांत जास्त शिकवले ते मशीन एकदम बंद करण्याच्या चाचणीने. मुख्य मशीन गेले, अर्ध्या मिनिटाच्या थोडे पुढे राखीव मशीन मुख्य झाले, आमच्या पडद्यावर सगळे हिरवे झाले. आणि शेजारी बसलेल्या रोखपाल ताईंच्या पडद्यावर मात्र चाक फिरतच राहिले. दहा मिनिटे झाली तरी फिरत होते. कारण डेटाबेसमध्ये नव्हतेच. मशीन नीट बंद होते तेव्हा ते जोडणी तुटल्याचे कळवते. वीज गेल्यासारखे नाहीसे होते तेव्हा कोणीच काही कळवत नाही. ॲप्लिकेशनने पाठवलेला प्रश्न पोच न मिळाल्यामुळे लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवत राहते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ते हार मानेपर्यंत पंधरा मिनिटांहून थोडा जास्त वेळ जातो. जावाच्या ड्रायव्हरमध्येही उत्तराची वाट किती पाहायची याला मूळ मर्यादाच नसते. म्हणजे डेटाबेस अर्ध्या मिनिटात सावरला तरी काउंटर पाव तास बंद, आणि संचालकांनी सांगितलेली पंधरा मिनिटांची मर्यादा तिथेच ओलांडलेली.

उपाय लिहायला सोपा होता: जोडणी उघडण्याची मुदत, उत्तराची मुदत आणि जोडणी जिवंत असल्याची नियमित तपासणी. पण उत्तराची मुदत तीस सेकंद केल्याबरोबर दिवसअखेरची व्याज आकारणी अर्ध्यावर तुटू लागली, कारण तिचा एकेक प्रश्नच काही मिनिटे चालतो. शेवटी पुरवठादाराकडून जोडण्यांचे दोन वेगळे संच करून घेतले, काउंटरसाठी लहान मुदतीचा आणि दिवसअखेर व अहवालांसाठी मोठ्या मुदतीचा. यासाठी पत्रव्यवहार, बदलाचे शुल्क आणि वाट पाहणे असे सगळे झाले. तुमच्या सॉफ्टवेअरचा पुरवठादार बाहेरचा असेल तर ही मागणी पहिल्या महिन्यातच लेखी द्या, चाचणीची वाट पाहू नका.

तिन्ही मशिनांवरचे एटसीडी एकदम बंद पडले तर काय, ही चाचणीही केली. मतदानाची जागाच नाहीशी झाली की पॅट्रोनी सावधगिरी म्हणून चालू मुख्य मशिनालाही लिहिण्यापासून थांबवते. पॅट्रोनीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून असलेली एक सोय चालू केल्यास, मुख्य मशीन समूहातल्या बाकी सगळ्या सदस्यांशी थेट बोलू शकत असेल तर ते काम चालू ठेवते. आम्ही ती चालू केली.

त्याच सुमारास बॅकअपचा खर्च मंजुरीला गेला आणि अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, दोन-दोन प्रती ठेवून राहिलो ना आपण, मग हा खर्च काहून?" प्रश्न रास्त होता. मी चाचणीच्या डेटाबेसमध्ये त्यांच्यासमोर एका शाखेची खाती पुसून दाखवली आणि लगेच राखीव मशिनावरही ती नाहीत हे दाखवले. राखीव प्रत मुख्य प्रतीची चूकही तितक्याच इमानाने उतरवते. रोजचा बॅकअप आणि मधल्या सगळ्या बदलांची नोंद वेगळ्या साठवणीत ठेवली, आणि हव्या त्या वेळेपर्यंतची स्थिती परत उभी करण्याचा सराव करून पाहिला. खर्च मंजूर झाला. लेखापरीक्षकांनी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) देशात ठेवण्याबद्दल विचारले, तेही याच साठवणीत बसवले.

स्थलांतराची पद्धत ठरवताना एक सापळा वेळीच दिसला. जुन्या सर्व्हरवरच्या फाइली आहेत तशा नव्या मशिनावर उतरवून घेण्याचा रस्ता सर्वांत वेगवान असतो. पण मजकुराचा अक्षरक्रम पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या ग्लिबसी या मूलभूत कोडसंग्रहाकडून घेते. सेंटओएस ७ मध्ये त्याची २.१७ आवृत्ती होती, नव्या मशिनांवरच्या उबंटू २२.०४ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २.३५ आहे, आणि मधल्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. आमच्या सभासदांची नावे देवनागरीत आहेत. फाइली तशाच नेल्या असत्या तर नावांचे इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेले आणि शोध नव्या क्रमाने, म्हणजे खाते असूनही 'सापडत नाही' असे उत्तर मिळण्याची शक्यता होती, आणि तेही काही नावांपुरतेच. म्हणून सगळा डेटा मजकूर म्हणून बाहेर काढून नव्या ठिकाणी भरण्याची संथ पद्धत घेतली, ज्यात इंडेक्स नव्याने बांधले जातात. २६ जानेवारी रविवारी आली होती. झेंडावंदन आटोपल्यावर याची रंगीत तालीम केली आणि किती वेळ लागतो ते कळले.

प्रत्यक्ष बदल रविवार, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी केला. शनिवारी दिवसअखेर झाल्यावर जुना डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवला आणि रात्री डेटा हलवला. सकाळी लेखा विभागाने जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणची तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकांचा ताळा) काढून शाखानिहाय जुळवली; नोंदींची संख्या आम्हीही मोजली होती, पण तेरीज जुळल्याचा कागद सहीनिशी हातात आल्यावर जो धीर येतो तो संख्येने येत नाही. उमरेड शाखेच्या अनामत खात्यात एका रुपयाहून कमी फरक दिसला आणि सगळ्यांची जेवणे थांबली. तो जुन्या अहवालातल्या पूर्णांकनाचा निघाला. दुपारनंतर प्रत्येक शाखाधिकाऱ्यांनी आपल्या शाखेतून एक चाचणी व्यवहार केला. जुना सर्व्हर ३१ मार्च उलटेपर्यंत बंद करून जागेवरच ठेवला होता.

वर्षअखेर नेहमीसारखीच उशिरापर्यंत चालली, पण डेटाबेसमुळे नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुरुस्त्या आल्या, तेव्हा आधी राखीव मशीन अद्ययावत केले, मग ठरवून अदलाबदल केली आणि नंतर जुने मुख्य. हे कामकाजाच्या वेळेतच केले, कारण रात्री गुपचूप केलेल्या अदलाबदलीतून काउंटरवर काय होते ते कळत नाही. कामठीच्या रोखपालांना एकदा 'जतन करा' पुन्हा दाबावे लागले. आता ही अदलाबदल दर महिन्याला शाखांना आधी कळवून करतो आणि तिची नोंद वहीत ठेवतो. इशाऱ्यांचे संदेश आम्हा दोघांच्या मोबाइलवर येतात, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा आहे 'मुख्य मशीन एकट्याने चालत आहे' हा, कारण त्या काळात काउंटरवर सगळे ठीक दिसत असते.

एप्रिलच्या बिलावरून वर्षभराच्या बांधिलकीचा प्रस्ताव निम्म्या आकाराच्या मशिनांसाठी ठेवला आणि तो मंजूर झाला. झोनांमधल्या वाहतुकीचे, दर गिगाबाइटला जाताना आणि येताना प्रत्येकी एक सेंट या दराने, पैसे लागतात. आमच्या आकाराच्या संस्थेला ते जाणवत नाहीत, पण अंदाजपत्रकात ती ओळ असू द्यावी. एक गोष्ट अजून उघडी आहे. तिन्ही झोन एकाच मुंबई विभागातले आहेत आणि तो अख्खा विभागच अनुपलब्ध झाला तर या व्यवस्थेचा उपयोग नाही. ॲमेझॉनचा हैदराबाद विभाग नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे, आणि नागपूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळही पडते. बॅकअपची एक प्रत रोज तिथे पाठवण्याचा अंदाजे खर्च काढून तो विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत दिला आहे. तिथे मशिने कायम चालू ठेवायची की गरज पडल्यावर उभी करायची, हे संचालकांनी पुन्हा त्याच दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावर ठरेल.